ओढ कुणाच्या बोटाला लागली

४ मार्च

प्रिय ताई,

फोनवर तू "बघू" म्हणतेस आणि विषय संपवतेस. पत्रात नुसतं "बघू" लिहिता येत नाही, उरलेला कागद डोळ्यांवर येतो. म्हणून पत्र.

आधी मुद्द्याचं. पोरीला मासे पकडायला शिकायचंय. नुकतं नववं वर्ष पूर्ण झालं. आजोबा पूर्वी गळ टाकायचे हे तिला कुठून कळलं कोण जाणे, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आधी ती अण्णांच्या मागे लागली. अण्णांचे हात आता इतके थरथरतात की चहा पिण्याआधी अर्धा शर्टाला पाजतात. ते म्हणाले, "मला कशाला विचारतेस? बापाला विचार." बापाचं तुला माहीतच आहे. घड्याळाच्या पोटात बघायला एकच डोळा पुरतो, त्या हिशेबाने माझा धंदा मला अगदी मापात बसला. पण पाण्याकाठी एका डोळ्याला अंतर कळत नाही. कडा हातभर लांब आहे म्हणावं तर पायाखाली येते. मी तिला घेऊन धक्क्यावर गेलो तर माशाआधी मलाच बाहेर काढावं लागेल.

उरलीस तू. अण्णांनी शिकवलेले आपण दोघंच, मी त्यांचा मुलगा आणि तू सुट्टीला येणारी पुतणी.

एप्रिलअखेर शाळेला सुट्टी लागते. पंधरा दिवस ये. पस्तीस वर्षांत तू या घरी तीनदा आलीस. एकदा माझ्या लग्नाला, एकदा माझी आई गेली तेव्हा आणि एकदा तुझी पुढची गाडी चुकली म्हणून. आता एकदा बोलावलं म्हणून ये. दुकानात सगळे मला "घड्याळवाले" म्हणतात. अण्णांखेरीज बूच म्हणणारी तू एकटीच राहिलीस.

तुझा,
बूच

१३ मार्च

प्रिय बुचा,

पत्र पोचलं. तीन दिवस टेबलावर होतं, वाचून झाल्यावरही.

यायला जमेलसं वाटत नाही. कार्यालयात जुन्या दस्तांच्या नकला मुळाशी ताडून बघायचं काम चालू आहे. एक जण मूळ वाचतो, एक जण नकलेवर बोट ठेवतो, आणि जुळलं की "खरी नक्कल" असा शिक्का मी मारते. साहेब रजा देणार नाहीत. (हे खरं आहे. म्हणजे मी मागितलेली नाही. पण मागितली तर देणार नाहीत, असं वाटतं.)

त्यापेक्षा मला आठवतं ते लिहून पाठवते. तू तिला वाचून दाखव.

न्हाणीघराचं सांडपाणी जिथे मुरायचं, तिथे सकाळी उकरायचं. गांडुळं डब्यात, डब्याच्या झाकणाला भोकं. तू त्यांची बारशी करायचास आणि धक्क्यावर पोचलो की एकाला गळाला लावू द्यायचा नाहीस. अण्णा म्हणायचे, "ज्याचं जेवण करायचं, त्याचं बारसं करू नये." मग तू मळलेल्या पिठाच्या गोळ्या लावायचास. त्या पाण्यात विरघळायच्या आणि तुला वाटायचं मासा खाऊन गेला. खूश व्हायचास.

काठी अण्णांनी कधी दिलीच नाही. नुसती दोरी, टोकाला गळ, त्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा मणी. दोरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून सोडायची आणि डोळे मिटायचे. हे तिला नीट सांग, कारण असं दुसरं कुणी शिकवत असेल असं मला वाटत नाही. अण्णा म्हणायचे, "डोळ्याला दिसेपर्यंत मासा जेवून हात धुऊन गेलेला असतो. बोटाला आधी कळतं." तीन प्रकारची ओढ असते. वारा ढकलतो. गवत धरून ठेवतं. मासा विचारतो: दोनदा, हलकेच, दारावर टकटक केल्यासारखं. तिसऱ्यांदा विचारलं की झटक्यात उपसायचं.

मला हे ओळखायला अख्खी एक सुट्टी लागली. डोळे मिटून बसलं की ऊन पापण्यांवर लाल दिसायचं. शेजारी अण्णांचा श्वास ऐकू यायचा, आणि त्यांच्या पलीकडे तुझी चुळबुळ. बोटभर मासा लागला तरी हात खांद्यापर्यंत जागा व्हायचा.

एवढं पुरे. बाकी अण्णा सांगतीलच.

तुझी,
ताई

२० मार्च

प्रिय ताई,

हिने तुझं पत्र वाचलं आणि म्हणाली, "नुसतं नाही म्हणायला एवढा मजकूर?" मी म्हटलं, आमची ताई नाही म्हणतानाही पुरावे जोडते.

पोरीने मात्र ते पाठ केलं. आता अंगणात बादली भरून, दोरा सोडून, डोळे मिटून बसते. काल विचारत होती, "बाबा, बादलीत वारा कसा ओळखायचा?" शेजारणीचा नातू मागून येऊन दोरा ओढतो. परवा तिने त्याला न बघता ओळखलं. "हा मासा नाही, हा विचारत नाही," म्हणाली. अण्णा ऐकून इतके हसले की ठसका लागला.

खरं सांग, मागच्या वेळी ही म्हणाली होती ना की घरात जागेची अडचण आहे, ते मनाला लागलंय का? ती पाहुण्यांबद्दल नव्हे, माझ्या घड्याळांच्या खोक्यांबद्दल बोलत होती. खोकी आता माळ्यावर आहेत.

का आणखी काही आहे? लिहायचं नव्हतं, पण लिहितो. माझ्या डोळ्याचं झालं त्या उन्हाळ्यानंतर तू सुट्टीत यायची बंद झालीस. मला वाटायचं, पट्टी बघून ताईला किळस आली. नऊ वर्षांच्या पोराला दुसरं काय सुचणार? पुढे काचेचा डोळा बसवला, चांगला दिसायला लागलो, तरी तू नाहीसच. पोरीने विचारलं तर "लहानपणी गळ लागला" एवढंच सांगितलंय. तिला त्यात काही वाटत नाही. मग तुला का वाटावं?

काहीतरी लिही.

बूच

९ एप्रिल

प्रिय बुचा,

तुझ्या पत्राला वीस दिवस होत आले. "किळस" वाचलं त्या दिवशी मी चार उत्तरं लिहिली. एकही पाठवलं नाही, कारण प्रत्येकात मी थोडी बरी माणूस निघत होते.

माझी त्या वर्षीची वही सापडली. सापडली म्हणजे, ती कुठे आहे हे मला कायमच माहीत होतं. मी अकरा वर्षांची होते आणि रोज लिहायचे, आतासारखंच. त्या दिवसाची नोंद जशीच्या तशी उतरवते:

"आज ओढ लागली. आजपर्यंतची सर्वांत मोठी. मी डोळे न उघडता उपसलं. बूच ओरडला. डोळे उघडले तर त्याच्या डोळ्याला"

इथे वाक्य तुटलंय. पुढच्या तीन ओळी मी इतक्या खोडल्यात की कागद फाटलाय. त्यांच्या खाली लिहिलंय: "अण्णा म्हणाले, तुझी काही चूक नाही."

त्यांनी मला मुद्दाम परसात नेऊन हे सांगितलं होतं. खाली बसून, माझे दोन्ही दंड धरून. बुचा, ज्याने काही केलेलं नाही त्याला परसात नेऊन असं कोण सांगतं? मला त्या क्षणी कळलं की ते मीच केलंय आणि मोठी माणसं माझ्यावर पांघरूण घालताहेत. किळस नव्हे. तुझ्यासमोर येऊन उभं राहायची माझी हिंमत नव्हती. दर वर्षी सुट्टी लागली की माझं पोट दुखायचं. माझ्या आईला वाटायचं, आंबट खाल्लं.

आता मी स्वतःलाच विचारते की मला नक्की काय आठवतं. ओढ आठवते. उपसल्याचं आठवतं. गळ तुझ्या डोळ्यात पाहिल्याचं आठवतं की नंतर आठवून आठवून मी ते चित्र मनात काढलं, हे सांगता येत नाही. दिवसभर नकला ताडते, आणि या नोंदीचं मूळ कुठे शोधायचं ते मला कळत नाही.

म्हणून मी तुझ्या मुलीच्या हातात दोरी देणार नाही. तिने माझ्या शेजारी डोळे मिटून बसावं, हे मला सहन होणार नाही. तू रागावलास तर तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही.

ताई

१५ एप्रिल

ताई,

माझा डोळा तू परस्पर तुझ्या नावावर कशी करून घेतेस?

रागावलोय. एका गिऱ्हाइकाचं मनगटी घड्याळ उघडून ठेवलं होतं, त्याचा एक स्क्रू तुझ्या पत्राने उडवला. सगळी फरशी चुंबकाने चाचपली, तेव्हा मिळाला.

आता नीट ऐक. माझा डोळा माझ्याच गळाने गेला. मला ओढ लागली होती. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा जोरात. मी सगळं अंग मागे टाकून उपसलं आणि गळ सुटून परत आला, थेट माझ्याकडे. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. हिलासुद्धा नाही. तिला वाटतं, माझ्या डोळ्याला दुसऱ्या कुणाचा तरी गळ लागला. स्वतःच्या हाताने स्वतःचा डोळा काढणारा म्हणजे केवढा बावळट! दुसऱ्याने काढला म्हटलं की माणूस बिचारा तरी ठरतो.

आणि पुरावा हवा असेल तर घे. दवाखान्यात, डोक्याला पट्ट्या बांधलेल्या असताना, अण्णा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तुझी काही चूक नाही." तेव्हाच मी ओळखलं की चूक माझीच आहे.

हे लिहून झालं आणि तुझं पत्र परत वाचलं. आता काही सुधरत नाही. अण्णांनी तुलाही तेच सांगितलं? त्याच शब्दांत? आणि तुलाही ओढ लागली होती, त्याच वेळी? मग माझ्या बोटाला काय लागलं होतं?

दुपारी अण्णांसमोर जाऊन बसलो. ते रेडिओ कानाला लावून बसले होते. "काय रे?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही." पस्तीस वर्षांत त्या दिवसाबद्दल या घरात कुणी अवाक्षर काढलेलं नाही. सुरुवात कशी करतात तेच माहीत नाही.

बूच

२२ एप्रिल

प्रिय बुचा,

तुझं पत्र मी पाच-सहा वेळा वाचलं. पहिल्यांदा हलकं वाटलं, मग त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली, आणि मग तुझ्यावर विश्वास बसेना. मला वाचवायला तू हे रचलं नाहीस कशावरून? तू गांडुळं वाचवायलाही खोटं बोलणारा मुलगा होतास.

एकच माणूस सांगू शकेल. अण्णा आपल्या मध्ये बसायचे आणि आपली राखण म्हणून डोळे उघडे ठेवायचे. गळ माझ्या बाजूने आला की तुझ्या, हे त्यांनी पाहिलंय. त्यांना विचार. ते एक्याऐंशीचे आहेत. उद्या-परवा करत बसू नकोस.

माझ्या हातून झालं असेल तर मी येणार नाही आणि तू मला पुन्हा आग्रह करायचा नाहीस. झालं नसेल तर रजा टाकते. हो किंवा नाही, एवढंच कळव.

ताई

१ मे

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

माझे हात चालत नाहीत म्हणून मी सांगतो आहे आणि नात लिहिते आहे. (आत्या, मी सगळं जसंच्या तसं लिहिणार आहे, मध्ये अण्णा खोकले तरी.)

परवा बूच माझ्यासमोर येऊन बसला. चष्मा पुसला, परत पुसला, आणि एकदम म्हणाला, "कुणाचा गळ होता?" मी म्हटलं, "कधी?" म्हणजे मी वेळ काढत होतो. कधी ते मला ठाऊक होतं.

तू हो किंवा नाही मागितलं आहेस. माझ्याकडे दोन्ही नाही.

त्या दिवशी ऊन चढलं होतं. तुम्ही दोघं डोळे मिटून इतके शांत बसला होता की माझेही डोळे मिटले. बोटाने मासा ओळखायला नव्हे. मला झोप लागली. (अण्णा आता थांबलेत. पाणी पितायत.) ओरडणं ऐकून जागा झालो तेव्हा माझी दोरी, तुझी दोरी आणि याची दोरी, तिन्हींचा पाण्यात गुंता झाला होता. एकाने उपसलं की तिघांच्या बोटाला ओढ. गळ तीन होते. लागला एक. तो कुठल्या दोरीचा, हे गुंता सोडवून बघता आलं असतं. मी बघितलं नाही. चाकूने सगळं तोडलं, पोराला उचललं आणि धावलो. ते योग्यच केलं. पण संध्याकाळी परत धक्क्यावर गेलो. दोऱ्या तिथेच पडल्या होत्या. तेव्हा बघता आलं असतं. मी त्या गोळा केल्या, दगड बांधला आणि पाण्यात सोडून दिल्या. माझा स्वतःचा गळ निघाला असता तर, अशी भीती वाटली. मोठा गळ माझाच असायचा.

मग मी तुला परसात सांगितलं की तुझी चूक नाही, आणि याला दवाखान्यात तेच सांगितलं. एकाला तरी ते नक्की लागू पडणार होतं. कदाचित दोघांनाही. तुम्ही ते उलटं धराल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत, तेव्हा मला वाटलं, पोरं विसरली. तुम्हाला वाटलं, मला सगळं माहीत आहे आणि मी झाकतो आहे. मी झाकत होतोच. पण तुम्हाला वाटलं ते नव्हे. राखणीला बसलेला माणूस झोपला, हे झाकत होतो.

एवढंच आहे. आता तू म्हणशील ते.

तुझे,
अण्णा

(आत्या, अण्णा रडले नाहीत. बाबा दुकानात जाऊन बसले, पण दुकान आज बंद असतं. मला एक विचारायचंय. मग डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे? अण्णांना विचारलं तर म्हणतात, आत्याला विचार. बाबांना विचारलं तर तेही म्हणतात, आत्याला विचार.)

७ मे

प्रिय बुचा,

अण्णांचं पत्र मी कार्यालयात वाचलं. त्यानंतर दोन तास नकला ताडल्या आणि एका चुकीच्या नकलेवर "खरी नक्कल" शिक्का मारला. वीस वर्षांत पहिल्यांदा. जवळच्या बाईंनी बघितलं. "होतं हो," म्हणाल्या.

मला वाटलं होतं, उत्तर आलं की माझं काहीतरी एक ठरेल. दोष माझा ठरला तर तो घेऊन इथेच बसेन, नाही ठरला तर खाली ठेवेन. आता तो खाली ठेवायला जागाच उरली नाही. एक तृतीयांश दोष कसा उचलतात? की तिघांपैकी एकाचाच तो पूर्ण आहे, आणि आपल्याला कधीच कळणार नाही? काल रागही आला अण्णांचा. दगड बांधून सोडून दिलं म्हणजे काय! मग आठवलं, तीन ओळी खोडून कागद फाडणारी मीच होते. त्या ओळींत काय होतं ते मी भिंग लावून बघितलं. एक अक्षर लागत नाही.

पण माझी अट उरली नाही, हेही खरं. "हो" आलं नाही, "नाही"ही आलं नाही, आणि तुझी मुलगी बादलीशी बसली आहे. मी रजेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "भाचीला मासे पकडणे शिकविणे." साहेबांनी न वाचता सही केली.

बारा तारखेला सकाळच्या गाडीने येते. तोवर एक काम कर. गळाच्या टोकाशी मासा निसटू नये म्हणून उलटा काटा असतो. तुझ्या बारीक कानशीने तो प्रत्येक गळाचा घासून सपाट करून ठेव. मासे निसटतील. निसटू देत. आणि आपण एका वेळी एकच दोरी सोडायची, हे मी येण्याआधीच पोरीला सांग, म्हणजे तिथे वाद नको.

अण्णांना म्हणावं, धक्क्यावर त्यांची खुर्ची ठेवायची आहे. झोप लागली तर लागू दे.

हे पुढचं तिला वाचायला दे:

बाळ, तू विचारलंस ते बरोबर आहे आणि मला त्याचं पक्कं उत्तर माहीत नाही. डोळे मिटल्याशिवाय बोटाला कळत नाही, हे खरं. सगळ्यांनीच मिटले तर काय होतं, तेही खरं. म्हणून मी असं ठरवलंय, चुकलं तर सांग. एकीने मिटायचे, दुसरीने बघत बसायचं. आधी तू मिट, मी बघते. मग तू बघ, मी मिटते. मला मिटायला जरा वेळ लागेल. तू घाई करू नकोस.

तुझी,
आत्या